बेसबॉलच्या मैदानांवर सरकते छत असावे का?

शिट्टीवाले सर (कोल्हापूर) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे आणि नोकरीतली शेवटची बारा वर्षे मुलींच्या सॉफ्टबॉल संघाबरोबर गेल्यामुळे बेसबॉलकडेही ओढा निर्माण झाला आहे. गेल्या जुलैत मुलीकडे फिनिक्सला गेलो असताना जावयांनी ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाचा सामना दाखवायला नेले. गाडी लावून दरवाजापर्यंत चालत जाताना डांबर बुटाच्या तळव्यातून चटके देत होते आणि मोबाइलवर तापमान 43 अंश दिसत होते. आत शिरलो आणि दहा मिनिटांत आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून शाल काढली. वर पाहिले तर आभाळाच्या जागी पोलादी कैच्या, आणि बॅटवर चेंडू बसला की त्या ठोक्याचा आवाज एकदा समोरून आणि एकदा वरून आल्यासारखा वाटे. (उजव्या हाताच्या प्रेक्षागृहात पोहण्याचा तलावही आहे. त्याचे प्रयोजन मला अजून उमगलेले नाही.)

सामना मजेत पाहिला हे कबूल केले पाहिजे, तरी उघड्यावर खेळायचा खेळ आपण कोंडून पाहतो आहोत ही भावना शेवटपर्यंत गेली नाही. पण त्याच वेळी दोन वर्षांपूर्वीचा खासबागेतला एप्रिल आठवला. शेवटच्या दोन मोठ्या कुस्त्या उरल्या असताना वळीव कोसळला आणि ताक, तेल, हळद घालून मळलेल्या हौद्यातल्या लाल मातीचा बघता बघता रेंदा झाला. ताडपत्री होती, पण ती पाहुण्यांच्या मंडपावर घट्ट बांधलेली होती आणि गाठी सुटेपर्यंत व्हायचे ते होऊन गेले. प्रमुख कुस्ती दुसऱ्या दिवशी लागली तेव्हा निम्मी जागा रिकामी होती, कारण राधानगरी-भुदरगडाकडून ट्रॉलीतून आलेली माणसे पुन्हा कशी येणार?

अमेरिका-कॅनडातल्या मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या 30 संघांपैकी 7 संघांच्या मैदानांवर असे सरकते छत आहे. पुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक मैदानावर ते असावे असे आपणास वाटते का, आणि प्रेक्षकाचा आराम हे त्यासाठी पुरेसे कारण आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे.


फौंड्रीवाला (शिरोली) यांचे उत्तर:

सर, 'असावे का' हे इतरांवर सोपवतो. 'असल्यास काय निभवावे लागते' एवढ्यावरच बोलतो, कारण माझे पोट डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेनवर अवलंबून आहे.

आमच्या शेडमध्ये ईओटी क्रेन आहे. दोन्ही भिंतींवर रूळ, त्यांवर चाके आणि चाकांवर आडवा पूल, इतकी साधी रचना. तरीसुद्धा एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा जरा जास्त झिजले की पूल तिरका चालू लागतो, चाकाची कड रुळाला घासते आणि त्या करकरीवरून आमचा जुना ऑपरेटर डोळे मिटून सांगतो की दक्षिणेकडचे चाक गेले. हा प्रकार वीस मीटरच्या गाळ्यात होतो. टोरांटोच्या छताचा गाळा दोनशे मीटरच्या आसपास आहे, आणि उन्हाने पोलाद वाढते, थंडीने आखडते, वारा उचलू पाहतो, बर्फ दाबू पाहतो, हे सारे सांभाळून दोन्ही टोके एकाच चालीने न्यायची असतात.

टोरांटोचे मैदान 1989 साली उघडले. त्याच्या छताचे चार भाग आहेत; एक जागेवर स्थिर, दोन सरळ रुळावर सरकणारे आणि एक अर्धवर्तुळात फिरणारा. सगळे मिळून वीसेक मिनिटांत उघडते किंवा मिटते. सियाटलवाल्यांनी 1999 साली अधिक शहाणपणाचा मार्ग काढला असे माझे मत आहे. त्यांचे छत तीन भागांचे असून ते केवळ छत्रीसारखे वर येते, बाजू मोकळ्याच राहतात, त्यामुळे थंडी आत येते पण पाऊस येत नाही, आणि आत वातानुकूलन करायचे नसल्यामुळे सांधे हवाबंद ठेवण्याची कटकटही नाही. मिलवॉकीचे छत पंख्याच्या पात्यांसारखे एका बिंदूभोवती फिरते. दिसायला ते फार देखणे आहे, पण 2001 साली मैदान सुरू झाले आणि काही वर्षांतच फिरत्या भागांच्या बेअरिंगची मोठी दुरुस्ती काढावी लागली. त्याच छताच्या उभारणीत 14 जुलै 1999 रोजी, वारा असताना अवजड भाग उचलणारी प्रचंड क्रेन कोसळून तीन कामगार दगावले होते, हेही सांगितले पाहिजे, कारण देखण्या रचनेची गोष्ट सांगताना ते गळून जाते.

मॉन्ट्रियलची कथा तर आमच्या धंद्यात धडा म्हणून सांगावी अशी आहे. 1976 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या त्या मैदानावर कापडी छत असायचे आणि बाजूच्या कलत्या मनोऱ्यावरून तारांनी ते छत्रीसारखे वर ओढून घ्यायचे, अशी कल्पना होती. ते प्रत्यक्षात बसायला 1987 साल उजाडले. मग वाऱ्याने ते वारंवार फाटू लागले आणि शेवटी 1998 साली तेथे न उघडणारे छत घालून विषय मिटवण्यात आला. तुम्ही पाहिलेल्या फिनिक्सच्या छतालाही तारा आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत प्रेक्षक आत असताना ते हलवायचे नाही असा निर्बंध आला आहे. म्हणजे सामना चालू असताना सुंदर संध्याकाळ झाली तरी ते मिटलेलेच राहणार.

इमारत म्हणून बांधलेली वस्तू नीट राखली तर पन्नास-साठ वर्षे टिकते. मोटर, ब्रेक, चाक, तार आणि लिमिट स्विच यांचे आयुष्य तितके नसते, आणि सरकत्या छतात या दोन आयुष्यांची गाठ मारलेली असते. मला या बाबतीत नेहमी राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवतात. पाणी ठरावीक पातळीला आले की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात. मोटर नाही, बटण नाही, कोणाला विचारायचे नाही. असे छत कोणी काढले तर पहिला पाठिंबा माझा.


मूळची राजारामपुरीची (टोरांटो) यांचे उत्तर:

सर, मी येथे बावीस वर्षे राहते आणि दर हंगामात चार-पाच सामने त्या छताखाली किंवा त्या छताविना पाहते, त्यामुळे तुमची शाल मला अगदी नीट समजली. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. एप्रिलमध्ये बाहेर शून्याच्या आसपास असते, छत मिटलेले असते, आणि आतले वातावरण खरे सांगायचे तर एखाद्या मोठ्या गोदामासारखे वाटते. जूनमध्ये छत उघडले की शेजारचा सीएन टॉवर थेट डोक्यावर झुकल्यासारखा दिसतो, तलावाकडून वारा येतो आणि तीच खुर्ची तिप्पट किमतीची वाटू लागते. छत उघडे असेल या आशेने तिकीट काढून ऐन वेळी ते मिटलेले पाहण्याची निराशा मी अनेकदा भोगली आहे.

या छताचा स्वभाव पहिल्याच दिवशी कळला होता, असे येथले जुने लोक हसत सांगतात. जून 1989 मधल्या उद्घाटनाच्या समारंभात, सर्वांना दाखवायचे म्हणून छत थाटात उघडण्यात आले, आणि वरून पाऊस पडत होता. उपस्थित मंडळी भिजली. आणखी एक प्रसंग माझ्या डोळ्यांदेखतचा म्हणावा असा आहे, कारण त्या दिवसाची तिकिटे आमच्याकडे होती. 16 एप्रिल 2018 रोजी टॉवरवर साचलेल्या बर्फाचा तुकडा खाली पडून छताला भोक पडले आणि सामना पुढे ढकलावा लागला. पावसापासून वाचवणाऱ्या छतामुळेच, म्हणजे छताच्या भोकामुळे, सामना गेला. माझ्या मुलाने त्या रात्री शाळेच्या वहीत हेच वाक्य लिहिले होते.

एक मुद्दा मात्र आरामाच्या पलीकडचा आहे. छत उघडे ठेवायचे की मिटलेले, हे ठरवणाऱ्याच्या हाती थोडा खेळही येतो. 2005 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेत, ह्यूस्टनच्या संघाला आपल्या मैदानाचे छत मिटलेले हवे होते, कारण बंदिस्त जागेत त्यांचे प्रेक्षक कानठळ्या बसवत आणि त्यांची त्या वर्षीची कामगिरीही मिटलेल्या छताखाली सरस होती. लीगच्या अधिकाऱ्यांनी हवा चांगली आहे म्हणून ते उघडायला लावले, आणि संघाने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. आपल्याकडे नाणेफेकीवर जितका खल होतो तितका तेथे छतावर झाला.


तिसरा बेस (कोल्हापूर) यांचे उत्तर:

सरांना नमस्कार. मी सध्या सॉफ्टबॉल शिकवते आणि तुमच्याच शिस्तीत वाढलेल्या पिढीतली आहे. आतापर्यंतची चर्चा प्रेक्षकाच्या बाजूने आणि छताच्या बाजूने झाली, खेळाडूच्या बाजूने कोणी बोलले नाही म्हणून लिहिते.

बेसबॉलला पाऊस का चालत नाही, हे क्रिकेट पाहणाऱ्याला लगेच पटत नाही, कारण त्याला वाटते की येथे चेंडू जमिनीवर टप्पा घेत नाही, मग खेळपट्टीचे काय बिघडते? बिघडते ते बोटांचे. पिचर चेंडू 18.44 मीटरवरून टाकतो आणि त्याचे सारे कसब बोटांच्या पेरांवर आणि शिवणीवर असते. चेंडू ओला झाला की तो कुठे जाईल हे त्यालाही सांगता येत नाही, आणि समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याशी तो ताशी दीडशे किलोमीटरने जाऊ शकतो. दुसरे म्हणजे आतल्या चौकोनाभोवतीची धावपट्टी मातीची असते. तिथे घसरत बेस गाठायचा असतो, आणि चिखलात घसरणे व मातीवर घसरणे यांत घोट्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. आपल्याकडे मुली जूनमध्ये सराव करतात तेव्हा मी घसरण्याचा सराव बंदच ठेवते.

म्हणून पावसाविरुद्ध छत असण्याला खेळाडू म्हणून माझा विरोध नाही. पण छताखाली गवताचे हाल होतात. 1965 साली ह्यूस्टनला पहिले कायमच्या छताचे मैदान, ॲस्ट्रोडोम, सुरू झाले तेव्हा गवत वाढावे म्हणून छताला पारदर्शक तावदाने बसवली होती. त्यांतून येणाऱ्या लखलखाटात उंच उडालेला चेंडू क्षेत्ररक्षकांना दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. रंगवल्यामुळे ऊन अडले, ऊन अडल्यामुळे गवत मेले, आणि 1966 साली तेथे प्लास्टिकचे गवत अंथरले गेले, ज्याला पुढे ॲस्ट्रोटर्फ हेच नाव पडले. सरकत्या छताने हा पेच सुटेल अशी आशा होती, कारण दिवसा उघडून ऊन देता येते. फिनिक्समध्ये वीस वर्षे तसेच केले. सकाळी छत उघडायचे, मग सामन्याच्या कित्येक तास आधी मिटून सगळे आवार थंड करायचे. शेवटी 2019 साली तेथेही कृत्रिम गवत आले. सर, तुमच्या जावयांनी हे सांगितले होते का? त्यावर उडी मारून झेल घेऊन पाहा म्हणावे, कोपर सोलवटते.

पहिला खर्च जमिनीखाली करावा, असे माझे मत आहे. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर 2017 साली हवेच्या दाबाने पाणी खाली ओढून घेणारी यंत्रणा बसवली, आणि पाऊस थांबल्यावर तेथे खेळ किती लवकर सुरू होतो हे आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले आहे. त्याखालोखाल चांगली ताडपत्री आणि ती वेळेवर ओढणारी दहा-बारा दमदार माणसे. माणसे मुद्दाम म्हणते. 1985 साली सेंट लुईसला यंत्राने आपोआप उलगडणारी ताडपत्री होती आणि एका महत्त्वाच्या सामन्याआधी ती व्हिन्स कोलमन या त्यांच्या सर्वांत वेगवान खेळाडूच्या पायावरून गेली. त्याला त्या हंगामातले उरलेले सामने खेळता आले नाहीत.


हिशेबनीस (इचलकरंजी) यांचे उत्तर:

थोडक्यात लिहितो. आराम ज्याचा, खर्च त्याचा, असे असेल तर छत खुशाल असावे. प्रत्यक्षात तसे क्वचित होते. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहराने 1994 साली उघडे मैदान बांधले होते. ते अजून चांगले धडधाकट होते, पण उन्हाळ्यात प्रेक्षक भाजून निघतात म्हणून 2016 साली मतदान घेऊन नव्या सरकत्या छताच्या मैदानासाठी 50 कोटी डॉलरपर्यंतचा भार शहराने उचलला, आणि ते 2020 साली सुरू झाले. म्हणजे जुन्यात संघाचे 26 हंगामच खेळले गेले. मायामीत 2012 साली उघडलेल्या मैदानाचा मोठा खर्च सार्वजनिक पैशातून झाला आणि त्या व्यवहारावरचा रोष हे एक कारण होऊन तेथल्या महापौरांना 2011 साली मतदारांनी मुदतीआधीच घरी पाठवले. आर्लिंग्टनच्या लोकांनी निदान मत देऊन खर्च अंगावर घेतला, म्हणून त्यांना दोष देणार नाही.

याउलट बॉस्टनचे फेनवे पार्क 1912 पासून उघडेच आहे आणि भरलेले असते. आपले खासबागही 1912 चेच. शाहू महाराजांनी जमीन खोलगट करून चारी बाजूंनी उतार दिला, त्यामुळे शेवटच्या माणसालाही हौदा दिसतो. प्रेक्षकाच्या सोयीचा विचार छताशिवायही करता येतो तो असा.


पंचगंगेकाठचा (कोल्हापूर) यांचे उत्तर:

हिशेबनीसांचे म्हणणे पटते, पण फेनवेचे उदाहरण फिनिक्सला लावता येणार नाही. बॉस्टनला जुलैत माणूस उन्हात बसू शकतो, फिनिक्सला म्हातारी माणसे आणि लहान मुले तीन तास बसली तर दवाखान्यात न्यावी लागतील. तेव्हा तेथे आराम हा शब्दच मला तोकडा वाटतो. माझ्या मते पावसापेक्षा ऊन हेच छताचे खरे कारण आहे, कारण पाऊस थांबतो आणि ऊन सामना संपेपर्यंत थांबत नाही.

पावसाला वेळापत्रक हा एक उपाय असतो. आपल्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो, त्यामुळे पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या समर्थकांना छत्र्या घेऊन भांडावे लागत नाही. बेसबॉलला ही मोकळीक फारशी नाही, कारण प्रत्येक संघाचे 162 सामने मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर उरकायचे असतात आणि एक वाहून गेला की तो पुढे एकाच दिवशी दोन सामने लावून भरून काढावा लागतो. तरी तिथेही प्रयत्न होतो. ऑक्टोबर 2024 मधल्या मिल्टन वादळाने फ्लॉरिडातल्या टॅम्पा बे संघाच्या मैदानाचे न उघडणारे कापडी छत फाडून टाकले, तेव्हा 2025 चा हंगाम त्यांनी जवळच्या एका छोट्या उघड्या मैदानावर खेळला आणि तिथला पावसाळा सुरू होण्याआधीच घरचे सामने अधिक संख्येने लावून घेतले. गंमत अशी की 2008 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये हाच संघ फिलाडेल्फियाच्या उघड्या मैदानावर पावसात अडकला होता आणि 27 ऑक्टोबरला अर्धवट राहिलेला सामना 29 ऑक्टोबरला पुरा झाला.

आता कोल्हापूरकर म्हणून मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट सांगतो. 15 जून 1976 रोजी ह्यूस्टनच्या त्या ॲस्ट्रोडोममध्ये, कायमचे छत असताना, पावसामुळे सामना रद्द झाला. आत थेंब पडला नव्हता. दोन्ही संघ आधीच पोहोचले होते, पण शहरातले रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे पंच आणि बहुतेक प्रेक्षक येऊच शकले नाहीत. शेवटी मैदानावर टेबले मांडून खेळाडूंनी तेथेच जेवण केले. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले तेव्हाचे दिवस आठवा. फौंड्रीवाल्यांची शेड शाबूत असेल, क्रेनही चालू असेल, पण कामावर येणार कोण? मैदानाला छत घालताना तेथवर जाणाऱ्या रस्त्याचे गटार आधी पाहावे.


फौंड्रीवाला (शिरोली):

2019 ला शेड शाबूत नव्हती. मोटरी वर उचलून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. बाकी तुमचे बरोबर आहे.


शिट्टीवाले सर (कोल्हापूर):

सर्वांचे आभार. प्रत्येक नव्या मैदानावर छत असावे, हा माझा मूळचा कल आता राहिलेला नाही. जेथे हवा माणसाला बसूच देत नाही, अशा फिनिक्स किंवा आर्लिंग्टनसारख्या ठिकाणी ते असावे, आणि जेथे केवळ पावसाची धास्ती आहे तेथे सियाटलची छत्री पुरेशी आहे, इथवर मी आलो आहे. टोरांटोच्या ताईंनी सांगितलेली उघड्या छताखालची खुर्ची मात्र एकदा अनुभवायची आहे. जावयांना तसे कळवले आहे. गवताविषयी त्यांना विचारले. ते कृत्रिम आहे हे त्यांना ठाऊक होते, मला सांगायचे राहिले म्हणाले.

तिसरा बेस, तुमच्या ताडपत्रीच्या सूचनेवर मी लगेच काम सुरू केले आहे. आपल्या शाळेच्या मैदानावर पिचरच्या वर्तुळाचा व्यास 16 फूट भरतो, म्हणजे त्यावर 20 बाय 20 ची ताडपत्री चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर राहील. होम प्लेटभोवतालची, म्हणजे बॅट घेऊन उभे राहतात तिथली, माती काल टेपने मोजली, ती 26 फूट आहे, तिला 30 बाय 30 लागेल. फौंड्रीवाले, कडेला दोरी ओवायला पितळी रिंगा किती अंतरावर ठेवाव्यात आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर ठेवायला तुमच्याकडचे मोडीत निघालेले ओतीव तुकडे मिळतील का, ते कळवावे. वीसेक तुकडे, मुलींना दोघींत उचलता येतील एवढ्याच वजनाचे हवेत. मेच्या पहिल्या आठवड्यात शिबिर आहे आणि वळीव त्याआधी येणार.